फाटकाबाहेरचा पसरा

पहाटेचे साडेपाच वाजत आलेले असतात. रायपूर शहराच्या उत्तरेकडील उरला या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीचे कामगार बाहेर पडण्याच्या बेतात असतात आणि दिवसपाळीचे आत शिरण्याच्या घाईत. पत्र्याच्या उंच शेडमधून भट्टीचा तांबूस उजेड अजून दिसत असतो. आत लोखंड वितळते, लाटले जाते आणि सळ्या, अँगल, पट्ट्या होऊन ट्रकांवर चढते. फाटकाबाहेर, गटाराच्या कडेने, पोत्यांवर नाहीतर निळ्या प्लॅस्टिकवर बायकांच्या बैठका एव्हाना लागलेल्या असतात. एकीपुढे लाल भाजी, चेच आणि अमारीच्या जुड्या. अमारी म्हणजे आपली अंबाडी. दुसरीपुढे मुर्रा आणि फुटाणे. तिसरीच्या स्टोव्हवर चहा उकळतो आहे, चौथीच्या कढईत भजी. थोड्या अंतरावर सुक्या मासळीची टोपली आहे.

छत्तीसगढी भाषेत या बैठकीला ‘पसरा’ म्हणतात. मराठीतल्या ‘पथारी’च्या जवळचा हा शब्द. वस्तू पसरल्या की दुकान उघडले, गोळा केल्या की बंद झाले. भिंत नाही, कुलूप नाही, पाटी नाही. ‘उरला’ हे गावाचे नाव मराठी कानाला मात्र थोडे चमकवते. वसाहतीतील कामे वाटून झाल्यावर बायकांच्या वाट्याला काय उरले, असा प्रश्न त्या नावातूनच कोणी विचारावा तसे वाटते.

शहरात राहणारी स्त्री रस्त्यावर विकायला का बसते? ‘गरिबीमुळे’ हे उत्तर तत्काळ दिले जाते आणि ते खोटे नाही. परंतु तिचा नवराही तितकाच गरीब असतो आणि तो फाटकाच्या आत असतो. ती बाहेर का, हे गरिबीने उलगडत नाही. त्यासाठी फाटकाकडेच पाहावे लागते.

आत कोण, बाहेर कोण

भट्टी आणि रोलिंग मिल यांचा कारभार तीन पाळ्यांचा असतो. भट्टी थंड होऊ देणे मालकाला परवडत नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमाने स्त्रियांना रात्रीच्या कामातून वगळले होते. सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळात काही सवलती सोडल्यास त्यांना कामावर ठेवता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता. मात्र तिन्ही पाळ्यांत फिरवता येईल असाच माणूस ठेकेदाराला हवा असल्याने त्या संरक्षणाचा परिणाम असा झाला की, भट्टीच्या कामावर बाई घेण्याचा विचारच कोणी केला नाही. झाडलोट, माल वेचणे, वाळू-विटांची वाहतूक अशी किरकोळ कामे तेवढी राहिली. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि स्त्रीची संमती व सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर तिला रात्रपाळीचा मार्ग खुला झाला. कायद्यातले दार उघडले, ही मोठी गोष्ट. पण पाऊणशतकात मुरलेली सवय एका अधिसूचनेने जात नाही.

लोखंडाच्या धंद्यात बायका कधी नव्हत्याच, असेही नाही. याच छत्तीसगढात, भिलाई पोलाद कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत हजारो स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने हाताने खनिज फोडत आणि ट्रकांत भरत. १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली तेथील ठेका कामगारांची संघटना उभी राहिली. खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाला तिने विरोध केला आणि निम्म्या यांत्रिकीकरणाची पर्यायी योजना मांडली, त्यामागे एक कारण हेही होते की यंत्र आले म्हणजे सर्वांत आधी बाईचे काम जाते. हीच चळवळ १९९०नंतर भिलाईबरोबर उरल्याच्या कारखान्यांतही आली. ठेक्यावरच्या कामगारांना कायम करा, जगण्यापुरते वेतन द्या, या तिच्या मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. ठेकेदारी मात्र राहिली.

मराठी वाचकाला ही कथा अपरिचित वाटू नये. १९३०च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे पाच कामगारांमागे एक स्त्री होती. रात्रपाळी आली, नवी यंत्रे आली, स्त्री-कामगारांसाठी पाळणाघर आणि प्रसूतीच्या रजेचा खर्च आला आणि पुढच्या चार दशकांत गिरणीतील स्त्रियांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा लालबाग-परळच्या कित्येक घरांतील चूल पेटती ठेवली ती भाजीच्या पाटीने आणि डब्यांनी. ज्यांना गिरणीने आधीच बाहेर काढले होते, त्यांनीच गिरणी बंद पडल्यावर घर सांभाळले.

महिन्याचा पगार, रोजचा खर्च

उरला आणि लगतच्या बीरगाव परिसरातील वस्त्यांत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश आणि खुद्द छत्तीसगढच्या खेड्यांतून आलेली कुटुंबे राहतात. घरातील पुरुष बहुधा ठेकेदाराकडे कामाला असतो. त्याचे काम महिन्यातून किती दिवस चालेल हे लोखंडाच्या भावावर आणि विजेच्या दरावर ठरते; मागणी घटली की पाळी कमी होते. त्याचा पगार महिन्याने येतो, कधी सव्वा महिन्याने. तेल, तांदूळ, मुलाची वही, औषध यांना मात्र रोज पैसा लागतो. रोज हातात पडणारा पैसा देणारे काम घरात कोणीतरी करावे लागते. पसरा तो देतो. संध्याकाळी आठ वाजता कमाई पदरात असते, तिच्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे कारण वेळेचे. नळाला किंवा टँकरला पाणी कधी येईल ते ठरलेले नसते. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते, तसा त्याचा डबा बदलतो. मूल शाळेतून दुपारी येते. दिवसाचे सलग आठ तास बाईच्या हातात नसतात, तुकडे असतात. या तुकड्यांत बसणारे काम हवे, आणि ते पायी पोहोचण्याच्या अंतरावर हवे. धुणी-भांडी करावीत तर सुखवस्तू वसाहती शहराच्या दुसऱ्या बाजूला. बांधकामावर जावे तर दिवसभर मुकादमाच्या नजरेखाली आणि मूल सोडायचे कोठे? पसऱ्यावर मूल शेजारी पोत्यावर झोपते, मोठे झाले की सुटे पैसे मोजून देते. पाणी आले तर शेजारीण पंधरा मिनिटे दोन्ही पसरे पाहते. ही शेजारधर्माची व्यवस्था कोणत्याही हजेरीपत्रकात बसणार नाही.

आणि तिसरे कारण, जे बऱ्याचदा दुर्लक्षिले जाते: तिला हा धंदा येतो. विकणे हे छत्तीसगढातील स्त्रियांचे जुने कसब आहे. मरार समाजातील बायका पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवून डोक्यावरच्या टोपलीतून विकत आल्या; केवट समाजातील केवटीण मुर्रा आणि लाह्या भाजून बाजारात आणते. आपल्याकडची माळीण आणि कोळीण जशी, तशीच ही परंपरा. रायपूरपासून जवळच, महानदीच्या काठी राजीम हे तीर्थक्षेत्र आहे. लोककथा सांगते की, या गावाला नाव मिळाले ते राजीम नावाच्या तेलविक्या स्त्रीवरून. तेलाची घागर तिने वाटेत एका शिळेवर टेकवली आणि दिवसभर विकूनही ती रिकामी झाली नाही. राजीवलोचनाच्या प्रसिद्ध मंदिराच्या आवारात तेलिणीचे देऊळही आहे. फिरतीवर विकणाऱ्या बाईच्या नावाने ओळखले जाणारे तीर्थक्षेत्र देशात आणखी किती असतील? असो. शहरात आलेली खेड्यातली बाई ‘अकुशल’ म्हणून नोंदली जाते. पण भाजी पाहताच ती किती तास टिकेल, पावसाची चिन्हे असताना किती माल उचलावा, कोणाला उधार द्यावी आणि कोणाला हसून नाही म्हणावे, हे ज्ञान कोणत्या कारखान्यात शिकवतात?

न आटणारी घागर

राजीमच्या घागरीची गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखी आहे. विक्रेतीचे सर्वांत मोठे स्वप्न हेच असते: भांडवल संपू नये. उरल्यातील विक्रेतीला माल दोन मार्गांनी मिळतो. एक, खेड्यांतून भाजी गोळा करून आणणाऱ्या ‘कोचिया’कडून, दुसरा, शहराच्या दुसऱ्या टोकाला धमतरी रस्त्यावर असलेल्या डूमरतराईच्या घाऊक मंडईतून. तिथे चार-पाच जणी मिळून गाडी ठरवतात. दोन्हीकडे अंधार असतानाच रोख रक्कम लागते. ही रक्कम आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे सावकाराकडून येते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. दोन हजार रुपयांचा माल उचलला. दिवसभरात तो सव्वीसशेला गेला. गाडीभाडे, बसण्याची पावती, सुकून फेकलेली जुडी यांचे दोनशे वजा करता चारशे उरले. आता दोन हजार रुपये शेकडा पाच रुपये रोज या दराने घेतलेले असतील, तर शंभर रुपये व्याजाचे गेले. म्हणजे कमाईचा चौथा हिस्सा. वर्षातून तीनशे दिवस असे चालले तर दोन हजारांवर तीस हजार रुपये व्याज भरले जाते आणि मुद्दल तेवढेच राहते. बँकेच्या शेकडा बारा दराने त्याच दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस.

शेकडा पाचचा दर अतिशयोक्त वाटेल. परंतु चेन्नईतील फळ-भाजी विक्रेत्यांच्या एका अभ्यासात हा दर दिवसाला सरासरी ४.६९ टक्के आढळला होता. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी २०११मधील आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला आहे आणि साहजिक प्रश्न विचारला आहे: रोज थोडे थोडे बाजूला टाकून ही बाई काही महिन्यांत कर्जमुक्त का होत नाही?

याचे उत्तर गणितापेक्षा घराच्या रचनेत आहे. घरात ठेवलेल्या पैशाला हक्कदार अनेक असतात. नवऱ्याची पाळी चुकली, दिराला गावी जायचे आहे, भाच्याचे लग्न आहे. बाईच्या डब्यात पाचशे रुपये आहेत हे कळले की ते तिचे राहत नाहीत. भाजीच्या रूपात असलेला पैसा मात्र कोणी मागत नाही. शिवाय सावकार हा नुसता व्याज घेणारा नसतो. मूल रात्री तापाने फणफणले तर दोन वाजता दार वाजवता येते असे ते एक ठिकाण असते. त्याच्याशी व्यवहार तोडणे म्हणजे तो दरवाजा बंद करणे. रोजचे शंभर रुपये ती व्याज म्हणून देते, त्यात विम्याचा हप्ताही असतो. तो फार महाग आहे हे तिला ठाऊक नसते असे समजणे चुकीचे होईल.

आणि तो दारी येतो. मंडई पहाटे चारला भरते. बँकेची शाखा दहाला उघडते. शाखेत येण्याचा वेळ म्हणजे नेमका गिऱ्हाइकाचा वेळ. अर्ध्या दिवसाची विक्री बुडवून फॉर्म भरायला येणारी स्त्री व्याजाचा एक निराळा दर आधीच मोजत असते. काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडलेला असतो.

बँका या वर्गापर्यंत पोहोचल्याच नाहीत असे नव्हे. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७२च्या शेकडा चार दराच्या विभेदक व्याजदर योजनेनंतर दारे थोडी किलकिली झाली. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची उभारणी केली. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका किराणा दुकानदाराच्या कर्जात बुडालेल्या असत. कामगाराचा पगार महिन्याने, शिधा रोजचा. उरल्याच्या फाटकासमोर चहा-भजी उधारीवर देणारीची अडचण नेमकी हीच आहे. मंडळाने बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन ठेवले आणि पहिल्या चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याच्या वर्षभर आधी, १९७४ साली, अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतील चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँकच काढली होती. भाजीवाल्या, चिंध्या वेचणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या या भागधारकांपैकी बहुतेकींना सही येत नव्हती, म्हणून खातेदाराची ओळख छायाचित्रावरून पटवण्याची पद्धत त्या बँकेने स्वीकारली. ज्या गोष्टीमुळे त्या अपात्र ठरत होत्या, ती गोष्टच बाजूला सारण्याचा हा मार्ग होता.

बसण्याची जागा

भांडवलाइतकीच दुसरी चिंता जागेची. ‘उठा’ हा शब्द विक्रेतीला कोणत्याही क्षणी ऐकू येऊ शकतो, आणि उठताना टोपली गेली तर दिवसाची कमाईच नव्हे, सावकाराचे मुद्दलही जाते. म्हणूनच या प्रश्नाची दीर्घ लढाई न्यायालयांत झाली. रस्त्यावर विक्री करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून व्यवसाय स्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये सोदान सिंग प्रकरणात म्हटले. राष्ट्रीय धोरण २००४मध्ये आले, २००९मध्ये सुधारले गेले आणि अखेर २०१४मध्ये पथविक्रेता अधिनियम संमत झाला.

या कायद्यातील काही तरतुदी विक्रेतीला पाठ असायला हव्यात, तशाच तिच्याशी व्यवहार करणाऱ्या बँक कर्मचाऱ्यालाही. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हुसकावून लावता येत नाही. जागा बदलायची तर तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. जप्त केलेला नाशिवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करणे बंधनकारक आहे. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. प्रमाणपत्र धारण करणारी व्यक्ती वारली तर पती, पत्नी किंवा अवलंबून असलेल्या अपत्याला तिच्या जागी बसता येते. विक्रेतीच्या दृष्टीने हे प्रमाणपत्र म्हणजे सातबाराच.

कायद्यात एक गोष्ट आहे आणि रस्त्यावर दुसरी, ही तक्रार देशभर ऐकू येते. सर्वेक्षण दुपारी झाले तर सकाळीच बसून उठून जाणारी बाई त्यात येत नाही. औद्योगिक वसाहतींची अडचण आणखी वेगळी. रस्ते उद्योग विकास महामंडळाचे, वस्ती नगरपालिकेची, फाटकासमोरची जागा कारखान्याला आपली वाटणारी. ‘बसू का’ असे नेमके कोणाला विचारावे हेच कळत नाही. स्वच्छतागृहाबद्दल तर कोणाकडेच विचारता येत नाही. तहान लागली तरी दुपारपर्यंत पाणी न पिणे, हा या धंद्याचा न लिहिलेला नियम आहे, आणि तो फक्त बायकांना लागू होतो.

जून २०२०मध्ये, टाळेबंदीने टोपल्या रिकाम्या झालेल्या असताना, पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली. तारण नसलेले दहा हजारांचे पहिले कर्ज, ते फेडले की वीस, मग पन्नास हजार, आणि वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात सात टक्के सवलत अशी तिची रचना होती. ऑगस्ट २०२५मध्ये योजना ३१ मार्च २०३०पर्यंत वाढवण्यात आली. पहिला टप्पा पंधरा हजारांचा, दुसरा पंचवीस हजारांचा झाला आणि दुसरे कर्ज फेडणाऱ्यांसाठी यूपीआयशी जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड आले. ३० जुलै २०२५पर्यंत ६८ लाखांहून अधिक विक्रेत्यांना ९६ लाखांहून अधिक कर्जे, एकूण १३,७९७ कोटी रुपयांची, दिली गेली होती. स्टेट बँकेच्या २०२३मधील अभ्यासानुसार लाभार्थींमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. तारणावर कर्ज देण्याची सवय असलेल्या व्यवस्थेसाठी हे आकडे लहान नाहीत.

दोन हजारांचा माल उचलणारीला पंधरा हजार म्हणजे सावकारापासून सुटका, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात त्यातले काही हजार आधीच्या देण्यात जातात, काही घराच्या पत्र्यात. मंडईसाठी तीन-चार हजार राहिले आणि ते रोज फिरत राहिले, तरी व्याजाचे शंभर रुपये वाचतात. सावकाराला मात्र ती दुखवत नाही. सणाला त्याच्याकडून थोडे घेते आणि फेडते. रात्री दोनचा दरवाजा तिला अजून हवा असतो. तिच्या पसऱ्याजवळ संध्याकाळी येणारा बँक मित्र, पन्नास-शंभर रुपये रोज जमा करून घेणारे आवर्ती खाते आणि अडीनडीला चटकन मिळणारी छोटी रक्कम, हे तिन्ही जिथे एकत्र आले तिथे त्या दरवाजाची गरज कमी होते, असा अन्नपूर्णा आणि ‘सेवा’ यांच्या कामाचा अनुभव आहे. क्यूआर कोडचा चौकोन आता पसऱ्यावरही दिसतो. त्यातून येणारा पैसा थेट खात्यात जातो, घरातल्या डब्यात नाही. पाचशे रुपये कोणाच्या नजरेस पडू नयेत, ही बाईची जुनी निकड एका कागदी चौकोनाने भागवावी, हे योजना आखणाऱ्यांच्या मनात बहुधा नसावे. खाते तिच्या नावाचे आणि मोबाइल नवऱ्याच्या खिशात, असे असेल तर मात्र सगळेच मुसळ केरात.

सायंकाळची पाळी सुटते. पाळीवरून येणारे कामगार घरी जाता जाता अर्धा किलो टोमॅटो, दहा रुपयांची भाजी घेतात. उरलेल्या जुड्या स्वस्तात निघतात, त्याहून उरलेल्या तिच्याच घरी शिजतात. पोते झटकून घडी घातली की पसरा संपला. निघण्यापूर्वी ती पैसे दोन ठिकाणी ठेवते. घरखर्चाचे पाकिटात. उद्याच्या मंडईचे पदराच्या गाठीत, घट्ट बांधून.